मुलाच्या गाडीत जॅमर बसवू का?

प्रश्न : माझा मुलगा रोज साखळीहून वेर्ण्याला कामावर जातो, स्वतः गाडी चालवत. जायला तास-सव्वा तास लागतो. गाडी चालवताना फोन उचलतोच. दोन-तीनदा तर मी त्याला फोनवरच दम दिला, 'गाडी चालवताना बोलू नकोस' म्हणून, पण ऐकत नाही. गाडीत मोबाइलची रेंज बंद करणारी एक डबी ऑनलाइन मिळते असे कळले. त्याला न सांगता सीटखाली बसवून द्याल का?
– एक वडील, साखळी

उत्तर : नाही, बसवून देणार नाही. फोंड्यात गाड्यांचे वायरिंग करायला लागून मला अठ्ठावीस वर्षे झाली, हॉर्नपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे बसवले, पण ही डबी नाही.

पहिली गोष्ट कायद्याची, ती लवकर उरकतो. ही डबी म्हणजे जॅमर. आपल्या देशात तो खाजगी माणसाने विकत घ्यायचा नाही आणि वापरायचाही नाही. परवानगी मिळते ती सुरक्षा दलांना, तुरुंगांना वगैरे. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांनाही दूरसंचार विभागाने 2022 साली तशी ताकीद दिली आहे. गाडी चालवताना हातात फोन धरला तर पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड होतो. तो वाचवायला तुम्ही त्याहून मोठे लचांड गळ्यात घेणार.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेले सांगतो. एक गिऱ्हाईक व्हॅन घेऊन आला. तक्रार काय, तर फोनवरचा नकाशा जागच्या जागी थिजतो. मी चावी फिरवली आणि माझ्याच फोनची रेंज गेली. दोन मिनिटांत शेजारचा दुकानदार बाहेर येऊन ओरडतो, "रेंज खंय गेली रे?" त्याच्याकडे गिऱ्हाइकाचे यूपीआय अडकले होते. शोधता शोधता सीटखाली डबी सापडली, लायटरच्या सॉकेटला जोडलेली. मालकाने ड्रायव्हरला न सांगता बसवली होती, तुम्ही म्हणता तशीच.

असे का होते? ही डबी रेंज 'अडवत' नाही. टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्याच लहरींवर ती नुसता गोंगाट करते. टॉवरचे बोलणे फोनला ऐकूच येत नाही. जत्रेत लाऊडस्पीकरखाली उभे राहून कोणाशी बोलून बघा, तसेच. आणि तो गोंगाट गाडीच्या काचांपाशी थांबत नाही. सिग्नलला शेजारी उभा असलेला भाड्याच्या मोटारसायकलचा पायलट, मागची कदंब बस, तिच्यातली बाई जी गोमेकॉ इस्पितळात दाखल असलेल्या नवऱ्याची खबर घेत असेल, सगळ्यांचे फोन मुके. डबीत जीपीएसची लहरही दाबायची सोय असली तर नकाशा गेलाच, कारण उपग्रहाचा सिग्नल मुळातच फार क्षीण असतो. गाडीत फोन मात्र टॉवर शोधत राहतो, तापतो आणि बॅटरी खातो.

काही जण विचारतात, मग डबी नको, गाडीलाच आतून धातूची जाळी लावून रेंज अडवली तर? मोबाइलची 900 मेगाहर्ट्‌झची लहर साधारण 33 सेंटिमीटर लांब असते. गाडीची काच त्याहून कितीतरी मोठी, तिथून ती आरामात आत येते. काचेलाही जाळी लावली तर रस्ता कुठून बघणार? (घरी फोन स्टीलच्या डब्यात ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. झाकण सैल असेल तर बऱ्याचदा वाजतो.)

मला खरी भीती वेगळीच आहे. पावसात बोरीच्या उतारावर गाडी घसरली, मुलगा आत अडकला, तर 112 किंवा 108 ला फोन कसा लागणार? 112 ला आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालतो, पण जॅमरपुढे सगळेच टॉवर सारखे. मदतीला थांबलेल्या माणसाचा फोनही तिथे चालणार नाही. आणि कित्येक गाड्यांत चावी काढली तरी लायटरच्या सॉकेटला करंट राहतोच. डबी आहे हे ज्याला माहीतच नाही, तो ती काढणार कशी?

मुलाची बाजू मी घेत नाही. कानात ब्लूटूथ असला तरी लक्ष जातेच. बाजूला बसलेल्याला समोरचा ट्रक दिसतो, तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला काय दिसते? त्याचे चालूच.

म्हणूनच तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गाडी चालवताना बोलू नकोस हे तुम्ही त्याला सांगितलेत ते फोनवर. म्हणजे तो गाडीत असताना फोन तुम्ही केला होता! रागावू नका, पण एकदा त्याच्या फोनमधली यादी काढा, सकाळच्या त्या सव्वा तासात कोणाकोणाचे फोन येतात ते पाहा. माझ्या मुलीच्या फोनमध्ये मी पाहिले होते. पाचांतले तीन तिच्या आईचे, 'पोचलीस?' आणि एक माझा.

आम्ही आता तिनेच पोचल्यावर फोन करायचा असे ठरवले आहे. बाकीच्यांसाठी बऱ्याच फोनांमध्येच ड्रायव्हिंग मोड असतो. गाडी चालू असताना रिंग दाबली जाते, आणि काही फोनांत 'मी गाडी चालवतोय' असा मेसेज आपोआप जातो. 112 लावायला मात्र फोन मोकळा असतो. डबी मागवली असेल तर ऑर्डर रद्द करा. सेटिंग जमले नाही तर रविवार सोडून कधीही मुलाला माझ्याकडे पाठवा, दोन मिनिटांचे काम आहे, पैसे घेणार नाही. फक्त तो वाटेत असताना 'पोचलास का गॅरेजवर?' असा फोन करू नका.