मुलीचा कान आणि वडिलांचा हट्ट

महोदय,

आपल्या पत्रात मुलीच्या परीक्षेतल्या गुणांविषयी जेमतेम तीन ओळी आहेत. ‘तिने कानाची सर्जन होऊन स्वतःचा कान स्वतः बरा करावा’ हे वाक्य मात्र दोनदा आले आहे. गुणांची मला चिंता वाटली नाही, या वाक्याची वाटली. दोन वर्षांपूर्वी अंतर्कर्णाच्या संसर्गाने जिला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, त्या १७ वर्षांच्या मुलीवर आपण तिच्या उपचाराचीही जबाबदारी टाकत आहात. तिला रसायनशास्त्र आवडते, हे आपण ताजा कलमात उरकले आहे.

नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, हेच तिचा कान बरा करणारे औषध आहे असे आपण धरून चालला आहात; हा मोठा गैरसमज आहे. नॅनोकण हे औषध नव्हे, ते औषधाचे वाहन आहे. रक्तातले औषध अंतर्कर्णात सहजी उतरत नाही, आणि सुईने मध्यकर्णात सोडलेले द्रव औषध आवंढा गिळताना घशाकडच्या नळीतून बरेचसे वाहून जाते. जे उरते त्याला राउंड विंडोचा, म्हणजे मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांच्यामधल्या छोट्या खिडकीचा, जेमतेम ०.०७ मिलिमीटर जाडीचा पडदा ओलांडावा लागतो. म्हणून शरीरात हळूहळू विघटन होणाऱ्या पॉलिमरच्या किंवा मेदाच्या सूक्ष्म कणांत औषध भरायचे आणि ते कण शरीराच्या उबेने घट्ट होणाऱ्या जेलमधून त्या पडद्यापाशी ठेवायचे, अशी ही कल्पना असून तिच्यावरचे बहुतेक काम अजून प्राण्यांवरील प्रयोगांतच आहे. त्यातही जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक मात्रा चुकल्यास ऐकण्याच्या केशपेशीच (अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी) मारू शकते, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वाहन कितीही चांगले असले तरी गेलेल्या पेशी ते परत आणणार नाही.

असे वाहन घडवणारे लोक बहुधा रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेले असतात; सर्जन ते वापरतो. म्हणजे आपण ज्या आवडीला ताजा कलमात बसवले, तीच या कामाच्या अधिक जवळची आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षा तिला स्वतःला द्यावीशी वाटली, तर तिने जरूर द्यावी.

मुलगी फोन नेहमी उजव्या कानाला लावते आणि ‘वर्गात लक्ष देत नाही’ अशी शिक्षकांची तक्रार आहे, हे आपण दोन निरनिराळ्या परिच्छेदांत लिहिले आहे. मला ती एकच गोष्ट वाटते. शेवटची श्रवणचाचणी कधी झाली, याचा पत्रात उल्लेख नाही. अभ्यासक्रम ठरवण्याआधी ती करून घ्यावी. तोवर तिला वर्गात डावीकडच्या पुढच्या बाकावर बसू द्यावे, म्हणजे तिचा उजवा कान शिक्षकांच्या बाजूला राहील.