आवाजाची टपाल: लुगड्याच्या फोटोतून खरखर का येते?

प्रश्न: मी अकरावीत आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला की त्यातून संगीत येतं, असं ऐकलं. म्हणून आजीच्या चौकडीच्या लुगड्याचा मोबाइलवर काढलेला फोटो 'रॉ डेटा' (नुसते आकडे) म्हणून आत घेतला. नुसती खरखर! मित्राच्या फोटोतून मात्र चक्क ठेका ऐकू येतो. असं का? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर: मोबाइलने तो फोटो जेपीजी करून ठेवलाय, म्हणून. जागा वाचवण्यासाठी जेपीजी चित्र इतकं दाबून भरतं, की त्यात जे जे पुन्हापुन्हा येतं ते सगळं निघून जातं. आणि ठेका म्हणजे तरी काय, पुन्हापुन्हा येणारी गोष्टच. उरते ती खरखर. (खरखर काढून टाकण्याचे मला पैसे मिळतात, त्यामुळे ती मुद्दाम तयार करणाऱ्यांची पत्रं मी आवडीने वाचते.)

फोटो पेंटमध्ये उघड, १००० बाय १००० पिक्सेलचा कर आणि २४ बिट बिटमॅप म्हणून, म्हणजे काही न दाबता, सेव्ह कर. आता प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे एका ओळीला ३,००० आणि सगळे मिळून ३० लाख. सुरुवातीला ५४ बाइटचा मथळा असतो. त्यात चित्राची मापं लिहिलेली असतात.

ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जा. एन्कोडिंग 'अनसाइन्ड ८-बिट पीसीएम', चॅनल मोनो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती आकडे (इथे बाइट) वाजवायचे, तो सगळे ४४,१०० ठेवतात. तू ३०,००० ठेव. मग सेकंदाला चित्राच्या बरोबर दहा ओळी वाजतात, सगळं चित्र १०० सेकंदांत संपतं, आणि कुठल्या क्षणाला कुठली ओळ वाजतेय हे तोंडी सांगता येतं. हेडफोनचा आवाज आधी कमी कर. हे प्रकरण कानठळ्या बसवणारं असतं.

तुझ्या लुगड्यात गंमत आहे ती इथे. रुंदीत ५० उभे पट्टे असतील तर एका ओळीत ५० वेळा चढउतार, सेकंदाला ५००. म्हणजे ५०० हर्ट्‌झचा स्वच्छ सूर. आडवे पट्टे तो सूर मध्येमध्ये दाबतात. पाच ओळींचा पट्टा अर्धा सेकंद टिकतो. उभ्यातून सूर, आडव्यातून ठेका. फोटो ९० अंशांत फिरवलास की दोघांची कामं बदलतात. मात्र कापड नीट ताणून, कॅमेरा सरळ धरून फोटो काढ, तिरका आला तर ठेका विस्कटतो. बिटमॅप खालच्या ओळीपासून वर साठवला जातो, त्यामुळे आधी खालचा काठ ऐकू येईल. कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो मुकाच राहतो, कारण आकडा हललाच नाही तर आवाज कशाचा? रंगीत भिंत मात्र बारीक शिट्टी वाजवते: निळा, हिरवा, लाल हे तीन आकडे आलटूनपालटून येतात, म्हणून १०,००० हर्ट्‌झ.

एक सांगून ठेवते. चित्र उदास आहे म्हणून आवाज उदास येईल, अशी अपेक्षा धरू नकोस. ऑडॅसिटीला चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. सूर्यास्ताच्या फोटोंपेक्षा कापड, जाळी, विटांची भिंत जास्त बोलतात.

प्रश्न: आवाजाला इको देऊन पुन्हा चित्र बनवलं, पण फाइल उघडतच नाही. (एक चित्रकार, पणजी)

उत्तर: इको बहुधा मथळ्यालाही लागला. पहिला दशांश सेकंद सोडून पुढचंच निवडा. निर्यात करताना 'अदर अनकम्प्रेस्ड फाइल्स', हेडर 'रॉ', एन्कोडिंग आणि सॅम्पल रेट आत घेताना होते तेच. मग फाइलच्या नावाची शेपटी बीएमपी करा. प्रेफरन्सेसमधला डिदर बंद ठेवा, नाहीतर ऑडॅसिटी स्वतःची बारीक खर त्यात मिसळते. लांबी बदलणारे इफेक्ट टाळा.

रेट ३०,००० असेल तर एक सेकंदाचा इको म्हणजे चित्राची पुसट प्रत बरोबर दहा ओळी वर. आणि रिव्हर्स जरूर करून पाहा: चित्र १८० अंशांत फिरतं, शिवाय लाल आणि निळा जागा बदलतात, कारण पिक्सेलमधले तीन बाइटही उलटे होतात. पोर्ट्रेटवर हे करून निळ्या कातडीचा माणूस मिळतो. मला तरी तो फिल्टर लावून केलेल्या निळ्यापेक्षा बरा वाटतो.

प्रश्न: मी काढलेली रेघ वर गेली की सूर वर जावा, असं ऑडॅसिटीत होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. ऑडॅसिटी स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणाला कुठले सूर आहेत त्याचं चित्र) दाखवते, त्यावर चित्र काढू देत नाही. 'व्हर्च्युअल एएनएस' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आडवा अक्ष काळाचा, उभा सुराचा. मूळ एएनएस हे येवगेनी मुर्झिन यांनी सोव्हिएत काळात मॉस्कोत बांधलेलं यंत्र. काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडे काढायचे आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा आवाज व्हायचा. नाव संगीतकार अलेक्सांद्र निकोलायेविच स्क्र्याबिनच्या आद्याक्षरांवरून.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ अंध आहे. त्याला याचा काही उपयोग? (एक ताई, लातूर)

उत्तर: ऑडॅसिटीचा नाही, पण नाशिकच्या वाचकांना सांगितलेल्या पद्धतीचा आहे. पीटर मायर या डच अभियंत्याने 'द व्हॉइस' नावाची प्रणाली बनवली. तिचा शोधनिबंध १९९२ सालचा. कॅमेऱ्यातलं दृश्य साधारण एका सेकंदात डावीकडून उजवीकडे वाचलं जातं. वरच्या गोष्टीचा सूर उंच, खालच्याचा खर्जातला, उजळ गोष्टीचा आवाज मोठा. अँड्रॉइडवर ते मोफत मिळतं. कान तयार व्हायला बराच सराव लागतो, आणि रस्त्यावर पांढरी काठी हवीच. सुरुवात घरातच करा: काळ्या चादरीवर एक पांढरी पट्टी ठेवा, आधी आडवी, मग तिरकी, आणि पट्टी कुठल्या बाजूला वर गेलीय ते त्याला सांगू द्या.