ऑनलाइन जाहिरात पाहून जुनी बारा बोअर दोननळी घ्यायची आहे. काय तपासावं आणि पैसे कधी द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शस्त्र परवाना नुकताच हातात आला आहे, अजून हत्यार घेतलेलं नाही. ऑनलाइन एक जुनी विलायती दोननळी दिसली, मालक दुसऱ्या जिल्ह्यातला आहे आणि म्हणतो, ‘निम्मे पैसे पाठवा, मी बंदूक अडवून ठेवतो.’

पैसे पाठवू नका. मालक खोटाच असेल असं नाही, पण या व्यवहाराचा क्रम कायद्यानेच ठरवून दिला आहे आणि तो पाहता पैशांचा नंबर शेवटचाच ठेवावा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5(2) नुसार परवानाधारकाला स्वतःची बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकता येते, त्यासाठी डीलरचा परवाना लागत नाही. मात्र विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं की मी अमुक बंदूक अमुक नावापत्त्याच्या माणसाला विकणार आहे. त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. तोपर्यंत बंदूक हातात देता येत नाही. ‘उद्या घेऊन जा, कागद मागाहून करू’ म्हणणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. न कळवता किंवा 45 दिवसांच्या आत विकलं तर कलम 25(3) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, विनापरवाना धंद्यासारख्या बेकायदा विक्रीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे, आणि विनापरवाना विकणाऱ्याकडून जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी कलम 29 वेगळं आहे.

हे 45 दिवस अडचण वाटतात, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने तेच सोन्यासारखे आहेत. बंदूक नीट बघायची, कारागिराला दाखवायची, किंमत ठरवायची, सगळं त्यात होतं.

बंदुकीच्या आधी माणूस आणि नंबर बघा. मालकाकडून परवान्याची प्रत मागा: नाव, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), मुदत, आणि त्यावर नोंदलेला बंदुकीचा नंबर. नुसत्या फोटोवर जाऊ नका, कारण दुसऱ्याच्या परवान्याचे फोटो वापरून फसवणारे आहेत. व्हिडिओ कॉलवर बंदूक उघडून, नळ्या सुट्या करून नंबर दाखवायला सांगा. दोननळीवर नंबर साधारण तीन जागी असतो: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, ॲक्शनवर (नळ्या ज्यावर बसतात त्या मधल्या लोखंडी भागावर) आणि फोरएंडच्या (नळ्यांखालच्या सुट्या होणाऱ्या लाकडी मुठीच्या) लोखंडावर. तिन्ही जुळले पाहिजेत आणि परवान्यावरच्या नंबराशीही जुळले पाहिजेत. फोरएंडचा नंबर वेगळा असेल तर तो भाग दुसऱ्या बंदुकीचा आहे. तेवढ्याने व्यवहार मोडत नाही, पण किंमत उतरते आणि बसणी कशी आहे ते बघावं लागतं. नळ्यांचाच नंबर वेगळा असेल, किंवा कुठलाही नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला, तर तिथेच थांबा. ओळखचिन्ह नसलेलं हत्यार विकायला कलम 8 ने मनाई आहे. वर, नंबर खोडलेला सापडला तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच खोडला असं कायदा गृहीत धरतो.

आपल्याकडच्या जाहिरातींत ‘वडिलांची बंदूक आहे, वापरात नाही’ असा मजकूर फार दिसतो. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. परवाना वडिलांच्या नावावर होता, वडील गेले, मुलाकडे स्वतःचा परवाना नाही, म्हणजे त्याच्या घरातली बंदूक आता बेकायदा ताब्यात आहे. त्याने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायला हवी. हे कलम 21. जमा केल्यावर वारसाचा हक्क बुडत नाही. ठरलेल्या मुदतीत तो स्वतःच्या नावावर परवाना काढून ती परत घेऊ शकतो, किंवा तिथूनच पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत उलटली तर मात्र बंदूक सरकारजमा होऊ शकते. असा विक्रेता भेटला तर त्याला हे सांगा आणि जमा पावती दाखवल्यावरच पुढे बोला. बहुतेक लोक लबाड नसतात, त्यांना माहीत नसतं इतकंच.

तुमच्या बाजूचंही तपासा. परवान्यावर बारा बोअर किंवा शॉटगन लिहिलेली आहे ना, हत्यार घेण्याची मुदत शिल्लक आहे ना, परवान्याचं क्षेत्र कुठपर्यंत आहे. 2019 पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, ही मर्यादा आधी हत्यार असलेल्यांनी लक्षात घ्यावी. दोन जिल्हे असले की दोन कार्यालयं येतात. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. कायदा ‘लेखी कळवा’ म्हणतो, पण तुमच्या परवान्यावर नोंद करताना तुमचं कार्यालय बहुधा विकणाऱ्याच्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र मागेल. ते आधीच काढायला लावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात आणि असल्या फायली रखडतात, तेवढा वेळ हिशोबात धरा.

आता बंदूक. भेट डीलरच्या दुकानात ठेवा, घरी किंवा हमरस्त्यावर नको. विकणाऱ्याने तुमचा परवाना पाहिल्याशिवाय बंदूक तुमच्या हातात देऊ नये आणि त्याच्या समोरच ती बघितली जावी. पहिलं काम, उघडून दोन्ही चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री.

मग फोरएंड काढा आणि फोरएंडशिवाय नळ्या पुन्हा ॲक्शनवर बसवून बंद करा. ही एक गोष्ट कटाक्षाने करा. फोरएंडची स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते, त्यामुळे ढिली बंदूकही घट्ट वाटते. फोरएंड काढल्यावर एका हाताने दस्त्याची मान धरा, दुसऱ्याने नळ्यांची टोकं धरून वर-खाली आणि डावी-उजवी हलवा. कटकट ऐकू आली, हाताला खेळ जाणवला, किंवा नळ्यांची मागची बाजू आणि ॲक्शनचा चेहरा यांच्या मधून उजेड दिसला, तर बंदूक सैल झाली आहे. टॉप लिव्हरही (बंदूक उघडायची वरची कळ) सांगतं: चांगल्या बंदुकीत बंद केल्यावर ते मधल्या रेषेच्या थोडं उजवीकडे थांबतं, झिजलेल्यात मधोमध किंवा डावीकडे जातं. सैलपणा चांगला कारागीर नीट करतो, बिजागरीची पिन बदलून किंवा हुकावर (नळ्यांखालचा, त्या पिनेत अडकणारा भाग) धातू भरून. पण नळ्यांखालच्या हुकावर पंचने ठोकलेले बारीक ठिपके दिसले तर कुणीतरी धातू फुगवून तात्पुरती घट्ट केली आहे. पंधरावीस काडतुसांत ती परत हलायला लागेल.

नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरा. आतली चमक अखंड हवी. काळे बारीक खड्डे म्हणजे गंजाचे व्रण. चेंबरच्या पुढे आणि फोरएंडखालच्या भागात ते जास्त वाईट, कारण दाब तिथेच सर्वाधिक असतो. डोळा किंचित फिरवत बघा. आत चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर बाहेरून पोचा आहे, तो निघतो. पूर्ण गोल कडं दिसलं तर नळी फुगली आहे, बहुधा आत काहीतरी अडकलेलं असताना गोळी झाडल्यामुळे. अशी नळी मी कुणालाही घ्या म्हणणार नाही. नंतर नळ्या हुकाला दोरी बांधून लटकवा आणि बोटाच्या पेराने टकटक करा. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला तर रिबचं, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचं, डाक (झाळ) पक्कं आहे. भद्द किंवा खुळखुळ आवाज आला तर रिब सुटली आहे, आतून पाणी शिरून गंज चढला असण्याची शक्यता मोठी.

टोकाकडून बघा. दोन्ही नळ्या टोकाला एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. मध्ये फट असून ती डाकाने बुजवलेली दिसली, किंवा लांबी 26, 28, 30 इंच अशी नेहमीची नसून मधलीच काहीतरी भरली, तर नळ्या कापलेल्या असण्याची शक्यता मोठी. कापल्या असतील तर चोक (टोकाकडचा निमुळतेपणा) गेला, आणि विनापरवाना नळी आखूड करणं हा कलम 6 खाली गुन्हा आहे. लांबी परवान्यातल्या किंवा जुन्या पावतीतल्या नोंदीशी ताडून बघा.

ज्या भागाकडे बहुतेक खरेदीदार दुर्लक्ष करतात तो म्हणजे प्रूफची चिन्हं, म्हणजे नळी जादा दाबावर तपासल्याचे ठसे. खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद असल्यामुळे आपल्याकडच्या विलायती दोननळ्या बहुतांशी जुन्या आहेत, आणि जुन्या बंदुकीचं वय आणि कुवत नळ्यांच्या तळावरच कोरलेली असते. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम ही दोन प्रूफ हाउसं. ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरं असतील तर नळी साधारण 1875 ते 1887 मधली, काळ्या दारूच्या जमान्यातली. ‘नायट्रो प्रूफ’ किंवा ‘एनपी’ नसेल तर ती धूरविरहित दारूच्या काडतुसांसाठी तपासलेली नाही, त्यात आजचं काडतूस घालू नका. 1954 नंतरच्या इंग्रजी चिन्हांत ‘3 टन्स’ असा दाब, ‘2½ इंच’ अशी चेंबरची लांबी आणि ‘.729’ असा बोअर (नळीचा आतला व्यास, इंचांत) सापडतो. हा बोअर चेंबरच्या बाजूने 9 इंचांवर मोजतात. तो कोरलेल्या आकड्याहून 10 हजारांश इंचाहून जास्त भरला तर बंदूक प्रूफबाहेर गेली. अंडाकृतीत ‘ईएलजी’ असेल तर ती बेल्जियमच्या लिएजची आहे. विक्रेते अशांना सर्रास ‘इंग्लिश’ म्हणून खपवतात. वाईट असतात असं नाही, पण किंमत इंग्लिशची देऊ नका. त्यावर ‘पीव्ही’ आणि सिंह असेल तर धूरविरहित दारूचं प्रूफ झालेलं आहे. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणावळणाची नक्षी दिसली तर ती दमास्कस. वरून काळी केलेली असली तरी फोरएंडखाली नक्षी डोकावते. ती भिंतीवर शोभेल, चालवायला नको.

चेंबरच्या लांबीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे: ‘70 मिलिमीटरचं काडतूस आत सरकतंय, म्हणजे चालतं.’ काडतुसाची लिहिलेली लांबी ही ते उडाल्यावर तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेलं काडतूस बंद तोंडाने त्याहून बरंच आखूड असतं, म्हणून 65 मिलिमीटरच्या म्हणजे अडीच इंची चेंबरमध्येही ते सहज बसतं. उडाल्यावर मात्र त्याचं तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. त्यामुळे काडतूस घालून पाहण्यावर विसंबू नका, चेंबर गेजने मोजा. अडीच इंची निघाली तर खोक्यावर 65 मिलिमीटर लिहिलेलीच काडतुसं घ्या, तीही परवानाधारक डीलरकडूनच आणि परवान्यावर नोंद करून.

नळीच्या भिंतीची जाडी हे कारागिराचं काम आहे, त्यासाठी वेगळं गेज लागतं. 20 हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही मी खालची हद्द धरतो. 25 च्या वर असेल तर निश्चिंत. आतून घासून चकाचक केलेल्या नळ्या दिसायला सुंदर आणि भिंतीला पातळ असू शकतात, म्हणून फार चकचकीत जुनी बंदूक आधी मोजून घ्या.

चाप आणि खटका (सेफ्टी) बघताना रिकामी बंदूक नुसती कटकट झाडू नका, स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घाला, नाहीतर स्ट्रायकरचं (काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचं) टोक मोडतं. पुढचा चाप साधारण साडेतीन ते चार पौंडांना सुटावा, मागचा थोडा जड. तीन पौंडांच्या आत सुटणारा चाप धोक्याचा. खटका लावून चाप जोरात ओढा, सोडा, मग खटका काढा. त्या क्षणी आतला घोडा पडला तर लॉक (चापामागची यंत्रणा) झिजलं आहे. खटका काढलेला असताना दस्त्याच्या बुडाला तळहाताने ठोका द्या, तेव्हाही घोडा सुटता कामा नये. दस्त्याची मान आणि ॲक्शनला भिडणारा लाकडाचा भाग तेलाने काळा पडला असेल तर कापडाने पुसून भेगा शोधा, त्या तिथेच लपतात.

हे सगळं पटलं की लेखी करार करा: दोघांची नावं, परवाना क्रमांक, यूआयएन, बंदुकीचा मेक, बोअर, नंबर, नळीची लांबी, किंमत, तारीख. टोकन द्यायचंच असेल तर लहान रक्कम, परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात, आणि ‘परवानगी नाकारल्यास परत’ हे वाक्य लिहून. बाकी रक्कम हस्तांतराच्या दिवशी. कुरिअरचा खर्च, गेट पास, क्लिअरन्स फी असले शब्द निघाले की संभाषण बंद करा. दुसऱ्या राज्यातला विक्रेता असेल आणि तुमच्या परवान्याचं क्षेत्र तिथवर पोचत नसेल, तर डीलरमार्फतच करा, त्याचं कमिशन गेलं तरी चालेल. घरी आणताना बंदूक रिकामी, नळ्या सुट्या, पेटीत, आणि मूळ परवाना सोबत. दिलेल्या मुदतीत ती कार्यालयात दाखवून नोंद पूर्ण करा.

विकणाऱ्यासाठी दोन गोष्टी, कारण हे उत्तर तेही वाचतील. जाहिरातीत घराचा पत्ता, गाव ओळखू येईल असा फोटो आणि पूर्ण नंबर टाकू नका. घरात हत्यार आहे हे चोराला सांगितल्यासारखं होतं. तसंच बऱ्याच मोठ्या प्लॅटफॉर्मवर हत्यारांची खासगी विक्री नियमात बसत नाही (फेसबुकने ती जानेवारी 2016 मध्येच बंद केली), त्यामुळे तिथे टाकलेली जाहिरात निघून गेली तर नवल नाही. पैसे मिळाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. तुमच्या परवान्यावरून तो नंबर कमी झाल्याची नोंद हातात येईपर्यंत त्या बंदुकीबद्दलची विचारणा कागदोपत्री तुमच्याच दारी येते. म्हणून कळवल्याच्या अर्जाची पोच, ना-हरकत, करार आणि ती नोंद, या चारही कागदांच्या प्रती जपून ठेवा.