वाचकांचे प्रश्न : रेंडरमधलं ऊन, सावली आणि दिवे

प्रश्न : पुण्यातल्या बंगल्याचं मॉडेल स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलंय. २१ डिसेंबर, दुपारी साडेबारा अशी वेळ लावली, तर दक्षिणेच्या भिंतीवर ६०० मिमी छज्ज्याची सावली जेमतेम ३०० मिमी उतरते. साइटवर १२०० मिमीची खिडकी त्या वेळी अर्ध्याहून जास्त सावलीत असते. चूक कुठे आहे?

उत्तर : मॉडेलमधला सूर्य पुण्याचा नाही. स्केचअपच्या टेम्प्लेटमध्ये मुळात अमेरिकेतल्या बोल्डर गावाचं स्थान भरलेलं असतं. बोल्डर ४० अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. २१ डिसेंबरला मध्यान्ही बोल्डरचा सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसव्वीस अंशच वर येतो, पुण्याचा ४८ अंश. सूर्य वर, तर सावली भिंतीवर खाली. पुण्याच्या हिशेबाने ती ६७० मिमीच्या आसपास यायला हवी. तुमची साइट बरोबर सांगते आहे.

विंडो मेनूतून मॉडेल इन्फो उघडा, जिओ-लोकेशनमध्ये सेट मॅन्युअल लोकेशन निवडा आणि १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व भरा. मग शॅडोज पॅनेलमध्ये यूटीसी +५:३० (भारतीय वेळ) आहे ना, ते स्वतः पाहा. अक्षांश बदलला आणि टाइम झोन जुनाच राहिला, असं फार वेळा होतं, आणि मग दुपारची सावली भलत्याच वेळेची पडते. तिसरी गोष्ट उत्तर दिशेची. भरीव हिरवा अक्ष म्हणजे उत्तर. प्लॉटच्या हद्दीला समांतर म्हणून मॉडेल सरळ अक्षांवर काढलं असेल, तर ते प्रत्यक्ष उत्तरेप्रमाणे फिरवून घ्या.

खात्रीसाठी मोकळ्या जमिनीवर ३ मीटरचा खांब उभा करा आणि २१ जून, दुपारी १२:३६ लावा. सावली दक्षिणेकडे पडली पाहिजे, लांबी सुमारे २६ सेंमी. हो, दक्षिणेकडेच. जूनमध्ये पुण्याचा सूर्य मध्यान्ही डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. उत्तरेची खिडकी कायम सावलीत दाखवणारी रेंडर्स इथेच फसतात, आणि क्लायंटला तिथे छज्जा नको असं सांगितलं जातं.

प्रश्न : सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी दिसते. व्ही-रे या रेंडरिंग प्लगइनमध्ये सूर्याचा साइझ मल्टिप्लायर (आकाराचा गुणक) १० केला, तर सगळंच धुरकट झालं. किती ठेवावा?

उत्तर : १ हाच खरा सूर्य. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते, त्यामुळे सावली टाकणारी वस्तू सावलीपासून जितक्या अंतरावर, त्या अंतराच्या अंदाजे शंभराव्या भागाइतकी कड पुसट होते. छज्ज्याची कड साधारण सेंटिमीटरभर, १० मीटरवरच्या झाडाच्या फांदीची ९ सेंमी. म्हणजे एकाच चित्रात काही कडा धारदार आणि काही मऊ असणं हेच बरोबर. जरा मऊपणा हवा असेल तर २ ते ३ पर्यंत जा. १० वर कड विरघळते, पण उन्हाची प्रखरता तशीच राहते, म्हणून डोळ्याला ते ना ऊन वाटतं ना ढगाळ. पावसाळी उजेड हवा असेल तर सूर्य बंद करून ढगाळ आकाशाचा एचडीआरआय (उजेडाची माहिती साठवलेला आकाशाचा फोटो) लावा. एचडीआरआयमध्येच सूर्य असेल आणि व्ही-रेचा सूर्यही चालू राहिला, तर प्रत्येक खांबाला दोन सावल्या येतात, तेवढं सांभाळा.

प्रश्न : ऑटोकॅडची फाइल आणून त्यावर मॉडेल उभं केलं. उन्हातली दृश्यं उत्तम येतात, पण रात्रीच्या हॉलमधले दिवे विझल्यासारखे. इन्टेन्सिटी किती वाढवू?

उत्तर : वाढवू नका, आधी मॉडेलमधला दरवाजा मोजा. २१०० मिमीचा दरवाजा ५३.३४ मीटर दिसला, तर मिलिमीटरची फाइल इंच समजून आत आली आहे. मॉडेल २५.४ पट मोठं झालंय. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे दिवा जवळपास ६४५ पट मंद. सूर्याची सावली कोनावर चालते, तिला मापाचा फरक पडत नाही, म्हणून बाहेरचं दृश्य चूक दाखवतच नाही. कुठल्याही ग्रुपच्या आत न शिरता टेप मेजर टूलने दरवाज्याची दोन टोकं टिपा, २१००मिमी टाइप करा आणि मॉडेलचं माप बदलायचं का, याला होकार द्या. पुढच्या वेळी इम्पोर्टच्या ऑप्शन्समध्ये युनिट मिलिमीटर निवडा.

मापं बरोबर निघाली तर एक्स्पोझर पाहा. उन्हासाठी ईव्ही (एक्स्पोझरचा आकडा; जितका कमी, तितकं चित्र उजळ) १४-१५ लागतो, रात्रीच्या खोलीला ६-७. एकेक आकडा खाली आलं की चित्राचा उजेड दुप्पट होतो, म्हणजे १४ वरून ७ वर येणं म्हणजे १२८ पट. दिव्याचं युनिट ल्युमेन ठेवा, ९ वॅटच्या एलईडी बल्बला ८०० ते ९००. आयईएस दिवा (कंपनीच्या फाइलप्रमाणे उजेड पसरवणारा) सीलिंगच्या पृष्ठभागापासून दोन सेंमी खाली घ्या, नाहीतर सीलिंगच त्याला झाकतं.

प्रश्न : भिंत आणि सीलिंगच्या कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ येते. आणि हॉलची मागची भिंत हाइड करून कॅमेरा लावला की खोली उगाच उजळते.

उत्तर : रेघ येते कारण भिंती एकाच फेसच्या (सपाट पृष्ठाच्या), बिनजाडीच्या आहेत. बाहेरची भिंत २३० मिमी, आतली ११५ किंवा १५० द्या आणि स्लॅब भिंतीच्या पूर्ण जाडीवर बसवा, आतल्या कडेपाशी थांबवू नका. हाइड केलेली भिंत उजेडालाही नसते, त्यामुळे तिथून आकाश आत येतं. भिंत जागेवर ठेवा आणि व्ही-रे क्लिपर (मॉडेल कापून आत दाखवणारं साधन) लावून त्यात कॅमेरा रेज ओन्ली चालू करा. कॅमेऱ्याला भिंत दिसत नाही, पण उजेड ती अडवते.