पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत घटपर्णी टिकते का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहता, ऑनलाइन मागवलेल्या घटपर्णीचे सगळे पिचर (पानांच्या टोकाला येणारे, किडे पकडणारे घट) काही दिवसांतच वाळले, आणि आता दोन फुटी काचेची टाकी आणून पुन्हा प्रयत्न करायचाय. टिकते, नक्की टिकते. फक्त टाकीचे पैसे मोजण्याआधी रोप कुठलं घ्यायचं ते ठरवा. पुण्याच्या कोरड्या हवेवर टाकी हा चांगला इलाज आहे, पण उकाड्यावर तिचा काही उपयोग नाही, उलट ती उकाडा वाढवते.

आधी त्या वाळलेल्या रोपाचं बघू. कुरियरच्या खोक्यात रोप आडवं होतं, पिचरमधला रस सांडतो, आणि नर्सरीतल्या दमट हवेतून ते थेट आपल्या कोरड्या खोलीत येतं. अशा वेळी जुने पिचर जवळजवळ नेहमीच जातात. पानं हिरवी असतील आणि मधला कोंब टवटवीत असेल तर रोप जिवंत आहे, टाकू नका. वाळलेला पिचर तेवढा कात्रीने कापा, पान ठेवा. त्या पानाला दुसरा पिचर येणार नाही, तो नव्या पानालाच येतो.

आता निवड. घटपर्णीच्या, म्हणजे नेपेन्थिसच्या, जातींचे ढोबळ दोन गट धरा: सखल भागातल्या आणि डोंगरावरच्या. डोंगरावरच्यांना रात्री गारवा लागतो, साधारण पंधरा अंशांच्या आसपास. बोर्निओची नेपेन्थिस राजा फोटोत बघून कुणालाही हवीशी वाटते, पण ती किनाबालू परिसरात दीड हजार मीटरच्या वर वाढते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या फ्लॅटमध्ये रात्री पंख्याखालीही घाम येतो, तिथे तिचा निभाव लागत नाही. तुमच्यासाठी अँप्युलेरिया, किंवा व्हेंट्रिकोसा आणि अँप्युलेरिया यांचा संकर उत्तम. अँप्युलेरिया मला फार आवडते, कारण तिचे गोल बुटके पिचर जमिनीलगत गर्दी करून बसतात आणि किड्यांबरोबर वरून पडणाऱ्या पालापाचोळ्यावरही जगतात. नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळते ती व्हेंट्राटा चिवट आहे, पण तिची वेल होते आणि दोन फुटी टाकी तिला लवकरच अपुरी पडते. तिला गॅलरीतच ठेवा.

टाकी माशांचीच घ्या, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जुनी स्वस्तात मिळते. आत थेट माती भरून लागवड करू नका. तळाला क्ले बॉल (भाजक्या मातीचे हलके गोळे) पसरा, त्यांच्यात थोडं पाणी राहू द्या आणि वर जाळीच्या कुंड्या ठेवा. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये, मुळं कुजतात. कुंडीत स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे), जमल्यास थोडी ऑर्किडची साल. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको. हे झाड निकस जमिनीत वाढलेलं आहे, मातीत मिळत नाही ते किड्यांतून मिळवण्यासाठीच त्याने पिचर बनवले. कोकोपीट वापरायचं असेल तर त्यातले क्षार जाईपर्यंत अनेक पाण्यांतून धुवा.

पाण्याकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर ते या झाडाला अजिबात घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते मॉसमध्ये साठत जातात आणि काही महिन्यांनी मॉस काळपट होऊन पानांच्या कडा करपतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही फार महाग नाही, घेऊन ठेवा. आकडा ५० च्या खाली हवा. पावसाचं पाणी सर्वोत्तम, एसीचं गळणारं पाणीही चालतं. घरचा आरओ असेल तर त्याचं पाणी एकदा मोजून बघा, कारण चवीसाठी क्षार परत मिसळणारे फिल्टर बरेच असतात.

टाकी उन्हात ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतोय. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊनसुद्धा बंद काचेत थोड्याच वेळात भट्टी पेटवतं. घरातल्या सर्वात थंड खोलीत ठेवा आणि वर पांढरा एलईडी लावा, रोज बारा तास. दिवा झाकणाच्या बाहेर असू दे, त्याची उष्णता आत येता कामा नये. झाकण दोन बोटं उघडं ठेवा. चोवीस तास काच धुरकट राहत असेल तर हवा खेळत नाही असं समजा, तिथे बुरशी येते. सकाळी काचेवर वाफ आणि दुपारी काच स्वच्छ, असं दिसलं की जमलं.

आपल्याकडे दोन ऋतू त्रासाचे. मार्च ते मे दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा टाकी खरी कामाची. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा १०-१२ वर येतो, सखल भागातल्या जातींना तोही सोसत नाही, तेव्हाही आतच बरं. पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पुण्याची हवा या झाडांना इतकी मानवते की मी कुंड्या उचलून गॅलरीत आडोशाला ठेवतो. जाळीच्या कुंड्या सुचवल्या त्या याचसाठी. बाहेर काढण्याआधी आठ-दहा दिवस झाकण रोज थोडं जास्त उघडत जा. बाहेर मुंग्या आपण होऊन येतात. पिचरची कड ओली असली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, मुंगीचे पाय त्यावर ठरत नाहीत आणि ती आत घसरते. कोरड्या दुपारी त्याच कडेवर मुंग्या बिनधास्त फिरून मध खाऊन जातात. टाकीत असताना महिन्यातून एकदा एखाद्या पिचरमध्ये माशांच्या खाद्यातले दोन-चार सुके ब्लडवर्म टाका. चिकन, पनीर घालू नका, ते सडतं आणि पिचरही सडवतं.

खासियाना ही भारतातली एकमेव रानटी घटपर्णी मेघालयाच्या डोंगरांत वाढते. ती धोक्यात आलेली आहे आणि साइट्सच्या, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून उपटलेलं रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नका, नर्सरीत वाढवलेलंच घ्या. तसंच कासच्या सड्यावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवं हीसुद्धा कीटकभक्षी झाडं आहेत. ती तिथेच बघा, टाकीसाठी उपटून आणू नका.

रोप रुळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. रोज पिचर शोधत बसू नका, नवीन पान बघा. आधीच्या पानापेक्षा मोठं निघालं तर मुळं लागलीत. मग पानाच्या टोकाच्या तंतूकडे लक्ष द्या. त्याचं टोक खाली वळून फुगायला लागतं, आधी चपटं आणि बारीक तपकिरी लव असलेलं, नंतर त्यात हवा भरते. झाकण सुटतं तेव्हा आत रस आधीच तयार असतो, वरून पाणी घालायची गरज नसते. त्यानंतर चार-पाच दिवसांत कड बाहेरच्या बाजूला वळते आणि रंग धरते. टोक फुगायच्या आतच काळं पडून गळत असेल तर आधी आर्द्रता तपासा, मग उजेड. दोन्ही ठीक असूनही तेच होत असेल तर पाण्याचा टीडीएस पुन्हा मोजा आणि मॉस बदला.