पुरीला मे महिन्यात सूर्योदय: वेळ नंतर, आधी दिशा विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०१७ चा मे डोळ्यांपुढे आला. २० ते २२ मे पुरीत, हॉटेल स्वर्गद्वारापाशी, हाताशी दोन सकाळी, सासूबाईंना समुद्रातून उगवणारा सूर्य दाखवायचा आणि जमलं तर चांगले फोटोही. किती वाजता पोचू आणि मोबाइलवर सेटिंग काय ठेवू, असं तुम्ही विचारलंय. जागा तीच, महिना तोच. माझ्याबरोबर सासूबाईंऐवजी वडील होते, एवढाच फरक.

हॉटेल, जेवण, मंदिरातली रांग हे सगळं सोडतो, ते तुम्हाला कुणीही सांगेल.

आम्ही मूळचे गुहागरचे. अण्णांनी सत्तर वर्षं सूर्य समुद्रात बुडताना पाहिला आणि रोज सकाळी तो घरामागच्या डोंगरावरून आला. "बुडताना रोज बघतो, निघताना एकदा बघायचाय," एवढीच त्यांची मागणी. मुलांच्या शाळा, म्हणून मे.

पोचलो त्या संध्याकाळी एका पर्यटन माहितीच्या खिडकीवर गेलो. कुठली ते लिहीत नाही, उगाच वाद नको. सूर्योदय किती वाजता, असं विचारलं. आतल्या गृहस्थांनी मान वर न करता टेबलाच्या काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं. ६.२०. मी विचारलं, समुद्रातूनच दिसतो ना? "हां हां, रोज दिखता है." बस्स.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, म्हणजे चांगले पाऊण तास आधी, आम्ही वाळूवर हजर. सूर्य तीन बोटं वर आलेला, लोक अंघोळी आटपून ओल्या कपड्यांनी परत निघालेले. ६.२० ही पुरीतली जानेवारीची वेळ. मेच्या उत्तरार्धात तिथे सूर्य पाच वाजून गेल्यावर दहा मिनिटांच्या आत उगवतो. ते कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. खिडकीवर परत जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं की कागद वरून येतो. वरून म्हणजे कुठून, ते विचारायचं त्राण नव्हतं.

अर्थात माझंही चुकलंच. मुंबई आणि पुरी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण रेखांशात १३ अंशांचा फरक आहे. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ५२ मिनिटं. मुंबईच्या सूर्योदयातून ती वजा करायला कुठल्या खिडकीची गरज नव्हती.

पण खरा घोटाळा वेळेचा नव्हताच, तो दुसऱ्या सकाळी कळला. त्या दिवशी सव्वाचारला पोचलो. अण्णांना खुर्ची, मुलांना चटई, मी ट्रायपॉड लावून समोर समुद्राकडे तोंड केलेला. एक होडी हेरून ठेवली होती, तिच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या उंच टोकाच्या, डोक्यावर सूर्य येणार असा हिशेब. आभाळ तांबडं व्हायला लागलं ते माझ्या डाव्या खांद्यापाशी. म्हटलं, रंग पसरला असेल. सव्वापाच झाले, समोरचा समुद्र राखाडीच. मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे बघा." हॉटेलांच्या रांगेत एका गच्चीवर काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी होती. तिच्या कडेने केशरी चकती वर सरकत होती आणि टाकीवर एक कावळा बसला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "हा इथेही घरामागूनच येतो की."

तिसऱ्या सकाळी परतीची गाडी होती. पुढे अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि समुद्रातून निघणारा सूर्य बघायचा राहूनच गेला. म्हणून एवढं पाल्हाळ लावतोय.

झालं काय होतं ते सांगतो. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास. पुरीच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे सरकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. उत्तरायण-दक्षिणायन आपण पंचांगात वाचतो आणि सहलीला निघताना विसरतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे इकडे अडीच मुठी आणि तिकडे अडीच मुठी. आता पुरीचा नकाशा उघडा. आपल्याला वाटतं पूर्व किनारा म्हणजे तोंड पूर्वेला. पण पुरीचा किनारा पश्चिम-नैऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे आडवा गेलाय, त्याचं तोंड खरं तर दक्षिणेकडे जास्त आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये सूर्य किनाऱ्याच्या रेषेतच, किंवा रेषेच्याही आत जमिनीकडे उगवतो. स्वर्गद्वारावरून बघाल तर हॉटेलांमागून. हिवाळ्यात तोच सूर्य पार पाण्यावर येतो. तुम्ही पाहिलेले पुरीचे सुंदर फोटो बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले असणार.

कोकणातल्या माणसाची यात हमखास फसगत होते. संध्याकाळी सूर्य समोर दिसत असतो, तो कुठे टेकणार हे पोरालाही कळतं. पहाटे क्षितिज रिकामं असतं. म्हणून सूर्योदय किती वाजता हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न कुठून. सनकॅल्कसारख्या साइटवर तारीख टाकली की नकाशावर उगवतीची रेघ दिसते. ती रेघ पाण्यावरून जाते की गावावरून, ते तिकीट काढण्याआधी बघा. 'सनराइज पॉइंट' असा फलक कुठे दिसला तर तो कोणत्या महिन्यात लावला असेल, हे आधी मनात आणा.

तुम्हाला कोणी चंद्रभागाला जा म्हणेल. कोणार्कच्या मंदिरापासून तीनेक किलोमीटर, सुंदर जागा. माघ सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीला, तिथे पहाटे स्नानाला गर्दी लोटते, आणि त्या दिवसांत सूर्य येतोही पाण्यावर. पण तिथला किनाराही जवळपास तसाच तिरका आहे, मेमध्ये सूर्य सुरूच्या बनाच्या बाजूनेच येणार. पहाटे साडेतीनला गाडी करून पस्तीस किलोमीटर जाऊन सासूबाईंना सुरूची झाडं दाखवायची, तर ती गुहागरलाही आहेत.

तारखा बदलता येत नसतील तर माझं मत असं: एक रात्र पुरीतून काढून गोपाळपूरला द्या. ब्रह्मपूर स्टेशनापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. नकाशावर तिथला किनारा जास्त उभा, म्हणजे उत्तर-दक्षिणेकडे जास्त झुकलेला आहे, त्यामुळे मेमध्येही सूर्य पाण्यातून निघतो. पुढे कधी चेन्नई किंवा पुद्दुचेरीचा बेत असेल तर तिथे किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण, बाराही महिने चिंता नाही. जगन्नाथाचं दर्शन हेच मुख्य असेल आणि पुरी सोडायची नसेल, तर पहाटे पूर्वेकडे पेंटाकटाच्या कोळीवाड्याच्या दिशेने चालत जा. सूर्य जमिनीवरूनच येईल, पण होड्या, जाळी, माणसं यांच्यामागून येईल. पाण्याच्या टाकीपेक्षा बरं. फोटो काढण्याआधी लोकांना विचारा मात्र, ते तिथे कामावर असतात.

आता कॅमेऱ्याचं. मी व्यावसायिक नाही, चुका करून जेवढं शिकलो तेवढंच सांगतो.

सूर्योदयाच्या निदान ४० मिनिटं आधी पोचा. संध्याकाळी सूर्य गेल्यावर जो रंग येतो तो पहाटे सूर्याच्या आधी येतो, क्रम उलटा. बिंब दिसायला लागलं की पूर्ण वर यायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात, तेवढ्यात सेटिंग शोधत बसलात तर संपलं. मेमध्ये क्षितिजावर दमट धुरकटपणा असतो, तेव्हा वेळ टळून पाच-दहा मिनिटं झाली तरी उठू नका. बिंब क्षितिजावर न दिसता थोडं वर, हवेतूनच उमटल्यासारखं दिसतं. कधी कधी ते भाकरीसारखं चपटं असतं, आणि मला तेच जास्त आवडतं.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेऊ नका. काच धुरकटते, पुसली की परत धुरकटते, यात माझी २० मिनिटं गेली आहेत. निघण्याआधी अर्धा तास बॅग बंद ठेवून गॅलरीत ठेवा. मोबाइलवर सूर्याशेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेड खाली ओढा. सूर्य पांढरा ठिपका येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच. आणि सूर्य मोठा हवा असेल तर मोबाइलकडून अपेक्षाच नको. २०० मिमीच्या लेन्सवरसुद्धा सेन्सरवर बिंब जेमतेम दोन मिलिमीटरचं पडतं. डीएसएलआर असेल तर सूर्य तेजाळल्यावर व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे बघू नका, डोळे जातील. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून, हलवून पक्के रोवा. लाट मागे गेली की खालची वाळू सरकते. पुरीच्या लाटा जोरकस आहेत, फोटोच्या नादात समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका.

विषय निघालाच आहे म्हणून, कोकणात पहाटे किनाऱ्यावर असाल तर डोंगराकडे नको, पश्चिमेला समुद्राकडे बघा. सूर्य उगवण्याच्या जरा आधी क्षितिजालगत निळसर करडा पट्टा असतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते पुरीहून परतल्यावर, घराच्या पायरीवरून.

२०१९ च्या जानेवारीत एकटाच परत गेलो होतो. सूर्य मिळाला, होडीच्या नाळेवर नाही पण पाण्यातून मिळाला. जाता जाता त्या खिडकीत डोकावलो. काचेखाली तोच कागद होता, ६.२०. त्या महिन्यात बरोबर होता.

सासूबाईंसाठी घडीची खुर्ची मात्र इथूनच न्या. वाळूत बसलं की गुडघ्याच्या माणसाला उठवायला दोघं लागतात. गोपाळपूरचं ठरलं तर तारीख कळवा, उगवतीची रेघ मीही एकदा नकाशावर बघून ठेवतो.