चढावर गाडी गुदमरते, दोष फिल्टरचा की टाकीचा?

प्रश्न : जुनी कार्बोरेटरवाली 350 बुलेट बॉबर (मडगार्ड आखूड, जादा भाग काढलेली) करून घेतली आहे. टाकी नवी, बनवून घेतलेली, साधारण 8 लिटरची. फ्लोट बाऊलमध्ये (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीत) तपकिरी चुरा साचू लागला म्हणून पेट्रोल पाइपमध्ये कारचा कागदी फिल्टर लावला. इंदुरात गाडी झकास चालते, पण खंडवा रोडवर भेरूघाट चढताना अर्धी टाकी असूनही गुदमरून बंद पडते. दोन-चार मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. कोणता फिल्टर घेऊ आणि कुठे बसवू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : थांबल्यावर आपोआप सुरू होते, त्यावरूनच बरंच कळतं. चढावर फ्लोट बाऊल रिकामं होतं आणि उभ्या गाडीत सावकाश भरतं. पेट्रोल येतंय, पण लागतं त्या वेगाने येत नाही.

तुमच्या गाडीला पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. टाकीतली पातळी कार्बोरेटरपेक्षा 20 सें.मी. वर असेल तर दाब जेमतेम 0.015 बार मिळतो. कारचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबासाठी असतो आणि तो दाब याच्या दहापटीहून जास्त. शिवाय एवढ्या बारीक गाळणीची गरजही नाही. पायलट जेटचं (कार्बोरेटरमधल्या सगळ्यात बारीक पेट्रोल-नळीचं) भोक पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे 250 मायक्रॉन. 60 ते 100 मायक्रॉनची नायलॉन जाळी किंवा पितळी गाळणीचा फिल्टर पुरतो. फिल्टरच्या दोन्ही टोकांच्या नळ्या 6 मि.मी.च्या हव्यात आणि डबी लहान. काचेचा फिल्टर दिसायला देखणा, पण त्याचे रबरी वायसर गळतात आणि काच तापलेल्या इंजिनाशेजारीच असते. आम्ही तो लावणार नाही.

मात्र फिल्टर बदलण्याआधी माप घ्या. टाकीत दीड-दोन लिटरच पेट्रोल ठेवा, इंजिन थंड, बॅटरीची वायर काढलेली, आसपास विडी-सिगारेट नाही. कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढून, ते कार्बोरेटरच्या उंचीवरच धरून, मापाच्या बाटलीत सोडा. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हवर ठेवून एक मिनिट मोजा. 18 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे 90-100 मि.ली. पितं, बाटलीत 200 तरी यायला हवं. हेच फिल्टर काढून करा, मग टाकीचं झाकण उघडून करा. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, फिल्टर निर्दोष. फिल्टर काढूनही धार बारीकच असेल तर कॉक आणि टाकीतली त्याची जाळी बघा.

तरीही सगळं ठीक निघालं तर कॉक टाकीच्या कुठल्या टोकाला आहे ते पाहा. चढावर पेट्रोल मागे सरकतं. बनवून घेतलेल्या टाकीत कॉक पुढच्या बाजूला लावला असेल तर तोंड कोरडं पडतं. टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे पातळी खाली गेली की कॉक नसलेल्या बाजूचं पेट्रोल तिकडेच अडकतं. याला फिल्टर काय करणार? दोन्ही बाजूंना तळाशी नळी जोडून घ्यावी लागते.

फिल्टर बसवताना पाइप कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरता हवा. मध्ये कुठे उंचवटा आला की तिथे हवा धरते आणि पेट्रोल अडतं. फिल्टर उभा किंवा तिरका, बाण कार्बोरेटरकडे, सिलिंडरच्या पंखांपासून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांपासून) निदान 4-5 सें.मी. लांब. पाइप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारा, आतून 6 मि.मी.चा घ्या, पारदर्शक प्लास्टिकचा नको, तो पिवळा पडून कडक होतो आणि नळीवरून निसटतो. पाइप ब्लेडने सरळ कापा (पकडीने कापलं की रबराचे कण आत पडतात) आणि फिल्टर, कॉक व कार्बोरेटरच्या नळीवर 12-15 मि.मी. चढवा. चारही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा. मग कॉक उघडून दहा मिनिटांनी प्रत्येक सांधा टिश्यू पेपरने पुसून बघा. डबी अर्धीच भरलेली दिसली तरी घाबरू नका. बाटलीतलं माप बरोबर असेल तर ते चालतं.

तपकिरी चुरा मात्र गंज आहे आणि तो टाकीतच थांबवायचा. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त. टाकी उतरवून, गंज काढून, पूर्ण वाळवून, इथेनॉल सोसणारं अस्तर लावून घ्या. तोवर नवी जाळी आठवड्या-दोन आठवड्यांतच तुंबेल. टाकी स्वच्छ झाल्यावर जाळी डोळ्याने तपासत राहा आणि वर्षाकाठी बदला.

प्रश्न : माझी मॉडिफाय केलेली गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. असाच छोटा प्लास्टिकचा फिल्टर लावू का?
— एक वाचक, महू

उत्तर : अजिबात नको. तिथे पंपापुढच्या पाइपात सुमारे 3 बार दाब असतो. प्लास्टिकची डबी फुटली किंवा पाइप सुटला तर पेट्रोल फवाऱ्यासारखं तापल्या इंजिनावर उडेल. इंजेक्शनसाठीच बनवलेला, धातूच्या डबीचा, दहा मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर लागतो, त्या दाबाच्या पाइपासह आणि इंजेक्शनच्या क्लॅम्पसह. पंपासोबत टाकीत मूळचा फिल्टर शाबूत असेल तर आधी तोच बदला. बाहेर आणखी एक जोडायची बहुधा गरज पडत नाही.